सवय म्हणजे ऊब नव्हे

‘त्यांना सवय असते.’ डिसेंबर-जानेवारीत आमच्या भागात हे वाक्य रोज कुठे ना कुठे कानावर पडतं. भवानीनगरच्या रस्त्याला उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपलेली पोरं दिसली की गाडीतलं कुणीतरी म्हणतं. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बायका दिसल्या की म्हणतं. मेंढरांचा वाडा रानात उतरला आणि माणसं उघड्यावर आडवी झाली, की तर हमखास म्हणतं. म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. उलट त्याच्या आवाजात थोडं कौतुकच असतं. ‘आपल्याला नाही बुवा जमायचं,’ असंही तो पुढे म्हणतो, आणि मग गाडीची काच वर जाते.

हे वाक्य खरं आहे का, हा माझा पहिला प्रश्न. आणि खरं असलं, तरी त्यातून आपण न बोलता जो निष्कर्ष काढतो तो बरोबर आहे का, हा दुसरा. निष्कर्ष असा असतो: ज्याला त्रासाची सवय झाली त्याचा त्रास कमी, म्हणून त्याच्याबद्दलची आपली जबाबदारीही कमी. उदाहरण मेंढपाळांचं घेते, कारण ऐन थंडीत महिनोन्‌महिने चालत राहणं आमच्याकडे त्यांच्याइतकं कुणीच करत नाही.

चालता मुलूख

बारामती आणि इंदापूर हे शेजारशेजारचे तालुके, पण प्रत्येकाच्या पोटात दोन मुलूख आहेत. एक नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावरचा, ऊस-केळी-द्राक्षांचा. दुसरा सुपे, मोरगाव, उंडवडीकडचा जिरायती, किंवा इंदापुरातल्या कडबनवाडीच्या गवताळ माळासारखा. मेंढपाळ धनगर मुख्यतः या कोरड्या मुलखातले. पावसाळ्यात माळावर चारा असतो. दिवाळीनंतर तो संपत येतो आणि वाडे हलतात. वाडा म्हणजे काही कुटुंबं, त्यांची मेंढरं, सामान वाहणारी घोडी, कुत्री आणि डालग्यातल्या कोंबड्यासुद्धा. काही वाडे घाट उतरून कोकणापर्यंत जातात, काही बागायती पट्ट्यातच रानोरान फिरत राहतात. पुन्हा घर दिसतं ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे थंडीचा सगळा ऋतू वाटेवरच जातो.

आमचं शेत इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या भिजीत. दर थंडीत एक वाडा आमच्याकडे दोन-तीन रात्री ‘बसतो’. रात्रभर मेंढरं शेतात बसली की लेंडीखत आणि मूत थेट जमिनीत जातं. त्याबदल्यात वाड्याला धान्य किंवा रोख मिळते. हा जुना, रोखठोक व्यवहार आहे आणि त्यात कुणाचे कुणावर उपकार नाहीत. लहानपणापासून मी हे लोक पाहत आले, आणि त्यांच्याबद्दलचं ते वाक्य ऐकत आले.

आता थंडी किती, ते पाहू. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असलं, तर थंडीची लाट म्हणतात. आमच्याकडे पारा दहाच्या खाली जाणाऱ्या रात्री येतात. पण हा आकडा मोजला जातो तो जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती ओढ्या-ओघळीत, सखल रानात साचते. रान भिजवलेलं असेल तर ओल वेगळीच. सकाळी मोबाइलवर आपण वाचतो तो आकडा जमिनीवर झोपलेल्या माणसाचा नसतो.

ज्याला आपण सवय म्हणतो

वाड्यातल्या एका मावशींशी माझं चांगलं जमतं. मागच्या थंडीत मी त्यांना सरळ विचारलं, “मावशी, तुम्हाला थंडी वाजत नाही का हो?”

त्या हसल्या. “वाजत न्हाई व्हय? पोरी, थंडी वरनं कमी अन् खालनं जास्त येती. आधी खालचं बघायचं.”

मग त्यांनी जे दाखवलं ते मी क्रमाने लिहिते. मुक्कामाची जागा दिवस मावळायच्या आत धरायची, आणि ती कालव्याच्या किंवा ओढ्याच्या कडेची नको, जरा चढाची हवी. वाऱ्याच्या बाजूला बांध किंवा उसाचा फड असला तर उत्तम. जमिनीवर आधी पाचट किंवा कडबा, त्यावर एक घोंगडं, आणि अंगावर दुसरं. नुकती जन्मलेली कोकरं डालग्याखाली, वर पोतं. मोठी मेंढरं वाघरीत दाटीनं बसवायची, म्हणजे ती एकमेकांना ऊब देतात. शेकोटी वेड्या बाभळीच्या लाकडाची. झोपताना निखारा राखेखाली झाकायचा, म्हणजे पहाटे काडी लागत नाही. सकाळी दव हटेपर्यंत मेंढरं चरायला सोडायची नाहीत. ओल्या गवतानं ती आजारी पडतात.

बायका-पोरं पालात झोपतात, पण गडी माणसं वाघरीच्या कडेला, उघड्यावर. कारण लांडगा. आमच्या माळांवर लांडगे अजून आहेत आणि ते वाड्याच्या मागावर असतात. चोरांचीही भीती असते. म्हणून मेंढक्याला बंदिस्त उबेत गाढ झोपून चालत नाही. तेवढी थंडी अंगावर घेणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

आता या सगळ्यात सवय कुठे आहे? जागा निवडणं, वारा ओळखणं, आग राखणं, अंथरूण रचणं याला मी कसब म्हणेन. कसब शिकावं लागतं, त्याला रोज मेहनत पडते, आणि मुख्य म्हणजे त्याला सामान लागतं. आपण ‘सवय’ म्हणतो तेव्हा यातली मेहनत आणि सामान दोन्ही दिसेनासं होतं. जणू थंडी सोसायची शक्ती त्या लोकांच्या कातडीतच आहे.

आणि सामान कमी होत चाललं आहे. घोंगडं होतं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, सणगरानं मागावर विणलेलं, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओलावा शोषूनही ओली वाटत नाही. ठिणगी पडली तर लोकर करपते, पण पेट घेत नाही. म्हणजे शेकोटी आणि घोंगडं ही जोडी एकमेकांसाठीच होती. आता लोकरीला भाव नाही, मटणाच्या हिशोबानं कमी लोकरीच्या जाती वाढल्यात, आणि विणणारे हात मोजके उरलेत. वाड्यात आता बाजारातली रंगीत ब्लँकेटं दिसतात. ती हलकी आणि स्वस्त, पण ठिणगीनं वितळतात. मावशींच्या नातवाच्या ब्लँकेटला चाळणीसारखी भोकं पडलेली मी पाहिली. त्यामुळे तो आता शेकोटीपासून लांब झोपतो.

शरीराला खरंच सवय होते का?

होते. पण नेमकं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे.

1950च्या दशकात शोलँडर नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा अभ्यास केला. ही माणसं वाळवंटातल्या थंड रात्री जवळजवळ उघड्या अंगानं झोपत. 1958मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आदिवासी आणि गोरे संशोधक अशा दोघांची रात्रभर मोजमापं घेतली होती. गोऱ्यांची शरीरं कुडकुडत होती, जास्त उष्णता तयार करत होती आणि त्यांना धड झोप लागत नव्हती. आदिवासी शांत झोपले होते. पण ते उबदार नव्हते. त्यांच्या हातापायांची त्वचा अधिक थंड पडली होती, शरीराचं आतलं तापमानही खाली आलं होतं, आणि तरी शरीर कुडकुडून उष्णता वाढवत नव्हतं.

सवय झालेलं शरीर थंडीला कमी प्रतिसाद देतं, ते असं. त्यात शरीराचं एक शहाणपण आहे: झोप मिळते, अन्न वाचतं. पण थंडी कमी झालेली नसते. घरातला धोक्याचा भोंगा वाजायचा थांबला म्हणजे धोका टळला, असं आपण समजत नाही. इथे मात्र भोंगा ऐकू येत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. आणि हेही लक्षात घ्यायला हवं, की तीच आदिवासी माणसं एरवी वाऱ्याला आडोसा करून, दोन लहान शेकोट्यांच्या मधे झोपत. सवय असूनही त्यांना आग हवी होती.

ही शांत झोप किती तकलादू असते, हे आमच्याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. 1 आणि 2 डिसेंबर 2021ला पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला, सोबत गार वारा. वाडे रानात होते. पुणे आणि नगर मिळून हजाराहून जास्त मेंढ्या-शेळ्या त्या थंडीत दगावल्या. थंडी त्या जनावरांना नवी नव्हती. त्यांच्या कित्येक पिढ्या याच माळांवर जगल्या. पण त्यांची सवय होती कोरड्या थंडीची. लोकर पार भिजून चिंब झाली, वर वारा सुटला आणि निवारा नव्हता, तेव्हा पिढ्यांची सवय एक-दोन रात्रींत संपली. लक्षात राहण्यासारखी गोष्ट ही, की पाऊस येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्या जनावरांकडे आणि त्यांच्या धन्यांकडे पाहून कुणीही बेलाशक म्हणालं असतं, त्यांना सवय असते.

माझी थंडी आणि त्यांची थंडी

तुमच्यापैकी अनेकांनी हिवाळी ट्रेक केला असेल. मीही उत्तराखंडात केदारकंठाला जाऊन आले. बर्फात तंबू, पहाटे डोक्याला टॉर्च बांधून चढाई, बाटलीतलं पाणी गोठलेलं. आकड्यांत पाहिलं तर ती थंडी आमच्या रानातल्या थंडीपेक्षा कितीतरी जास्त. तरी मी तिथे मजेत होते.

का, याचा विचार करताना मला माझ्या भाड्याच्या स्लीपिंग बॅगवरची चिठ्ठी आठवते. तिच्यावर दोन तापमानं छापलेली होती. एक आरामाचं, एक मर्यादेचं. यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 23537. गरम केलेला, मापं घेणारा पुतळा बॅगेत निजवून ती चाचणी होते. आरामाचा आकडा ठरतो तो प्रमाण मानलेल्या एका स्त्रीला सैल अंगानं झोप लागेल या हिशोबानं. म्हणजे माझ्या शरीरानं किती थंडी सोसावी, हे कुणीतरी आधी ठरवून, मोजून, छापून ठेवलं होतं. ‘ट्रेकर आहे, होईल सवय,’ असं म्हणून कुणी मला पातळ बॅग दिली नव्हती.

शिवाय माझ्या थंडीला तारीख होती. सहाव्या दिवशी परतीची गाडी होती. नको वाटलं तर मधूनच उतरता येत होतं. आणि परत आल्यावर त्या थंडीची गोष्ट झाली, फोटो झाले, मित्रांनी मानलं. निवड, सुटका आणि मान या तिन्ही गोष्टी तिकिटासोबतच आल्या होत्या. मावशींच्या थंडीला यातलं काय आहे? मान थोडासा, तोही काच वर जायच्या आधीचा. निवडलेली थंडी खोटी असते असं मी म्हणत नाही. तिनं मला धीर शिकवला. पण तो धीर मी हवा तेव्हा खाली ठेवू शकत होते. ज्याला तो खाली ठेवता येत नाही, त्याच्या धीराकडे पाहून टाळ्या वाजवायला मला संकोच वाटतो.

मग मावशी तक्रार का करत नाहीत?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. मावशी स्वतः म्हणतात, “आमचं बरं चाललंय.” त्यांना अभिमान आहे. बंद खोलीत झोपलं की जीव गुदमरतो, असंही त्या म्हणतात. मग बाहेरून येऊन त्यांच्यावर दुःख लादणारी मी कोण?

यॉन एल्स्टर या विचारवंतानं 1983मध्ये ‘सावर ग्रेप्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. नाव आपल्या ओळखीचं आहे: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. त्याचा मुद्दा असा, की जे मिळणार नाही ते नकोसं करून घेण्याची मनाला युक्ती असते. अमर्त्य सेन यांनी हाच धागा गरिबीच्या मोजमापाकडे नेला: पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेली माणसं अपेक्षाच लहान करून घेतात, म्हणून ‘तुम्ही समाधानी आहात का’ एवढंच विचारून त्यांची स्थिती कळत नाही. शरीरात जे घडतं तेच मनात घडतं. कुडकुडणं थांबतं.

पण मावशींचं सगळंच बोलणं आंबट द्राक्षांच्या खात्यात टाकणं हाही अपमान आहे. त्यांना मोकळं आभाळ खरोखर आवडतं. आपल्या कसबाचा त्यांचा अभिमान खरा आहे. मग हे वेगळं कसं करायचं? माझ्यापुरती एक कसोटी सापडली आहे. ‘तुम्ही सुखी आहात का’ असं न विचारता ‘काय कमी पडतं’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला माणूस अभिमानानं उत्तर देतो, दुसऱ्याला अनुभवानं. मावशींना मी दुसरा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी घर मागितलं नाही की गावात स्थिर व्हायचंही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, सरपण मिळत नाही, कुणी बांधावरची काटकी तोडू देत नाही. चढाची जागा मागितली तर लोक सखल, ओलं रान दाखवतात, कारण खत तिथं हवं असतं. आणि रात्री पाऊस आला तर लहान पोरं आणि कोकरं घेऊन जायचं कुठं?

या तिन्ही मागण्या त्यांचं कसब चालू राहावं यासाठीच्या आहेत. त्यांत दया कुठेच मागितलेली नाही.

याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून पाहा. नाशिककडे निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की शेतकरी द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, म्हणजे मणी तडकू नयेत. ते योग्यच आहे, वर्षाची कमाई वेलीवर लटकलेली असते. कृषी हवामान सल्ल्यात गोठ्याला गोणपाट बांधा, कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवे लावा, असंही सांगतात. द्राक्षाला सवय होईल, असं तिथे कुणी म्हणत नाही. आपण ऊब नेमकी कुठे पोचवतो याचा हिशोब मांडला, तर ती बहुतेक वेळा आपल्या मालाकडे जाते. मेंढरांचं खत आपल्या जमिनीत उतरतं, ऊसतोड्यानं तोडलेल्या उसाची साखर आपल्या चहात येते. त्यामुळे त्यांची थंडी ही कुठल्या तरी लांबच्या लोकांची थंडी उरत नाही. आपल्या व्यवहाराच्या खर्चातला तो एक आकडा आहे. तो आपण मांडत नाही, म्हणून तो त्यांच्या अंगावर पडतो.

म्हणून माझं उत्तर असं. सवयीमुळे आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. जो कुडकुडतो त्याच्याकडे आपलं लक्ष आपोआप जातं. ज्याचं कुडकुडणं थांबलंय, त्याच्याकडे मुद्दाम पाहावं लागतं. आणि ही जबाबदारी उदारपणाची नाही, हिशोबाची आहे. ज्याच्या कामाचा फायदा आपण घेतो, त्याच्या कसबाला लागणारं सामान आपल्या हद्दीत तरी त्याला मिळालं पाहिजे.

यंदा दिवाळीनंतर वाड्याचा कारभारी व्यवहार ठरवायला आला, तेव्हा मी ओसरीवर होते. रात्री किती, धान्य किती, हे नेहमीसारखं झालं. मग वडिलांनी सांगितलं की मुक्कामाला विहिरीवरचं चढाचं रान धरा, आणि पाऊस आला तर पत्र्याचं शेड उघडं आहे, विचारायला येऊ नका. कारभाऱ्यानं मान हलवली, आभार वगैरे काही मानले नाहीत. थोडा वेळ तंबाखू मळत बसला आणि म्हणाला, “अन् सरपणाचं काय, अण्णा?”

वडील क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी बांधावरच्या दोन वाळक्या बाभळी धरल्या, आणि तेवढी एक रात्र वाढवून मागितली. कारभारी अर्ध्या रात्रीवर अडून बसला. त्यांची घासाघीस बराच वेळ चालली होती.